इको तुमचा, फोन समोरच्याचा

पुढच्या वेळी कॉलवर तुमचाच आवाज अर्ध्या सेकंदाने तुमच्या कानात परत आला, तर काहीही करू नका. व्हॉल्यूम कमी-जास्त करू नका, इअरफोन काढून पुन्हा घालू नका, कॉल कट करून परत जोडू नका. तुमच्या फोनला काहीही झालेलं नाही. तुमचा आवाज समोरच्याच्या स्पीकरमधून बाहेर पडला, त्याच्या खोलीतल्या भिंतींवर आपटला, त्याच्याच माइकमध्ये शिरला आणि परतीच्या गाडीने तुमच्याकडे आला. गंमत म्हणजे ज्याच्यामुळे हे झालं, त्याला स्वतःला यातलं काहीच ऐकू येत नाही. तो निवांत असतो.

म्हणून सात जणांच्या प्रोजेक्ट कॉलवर इको यायला लागला की ‘अरे कोणाचा प्रॉब्लेम आहे?’ असं ओरडण्यात काही अर्थ नाही. सगळे ‘माझा नाही’ म्हणणार, आणि जो खरा कारणीभूत आहे तो तर सगळ्यात प्रामाणिकपणे म्हणणार. त्यापेक्षा लक्ष द्या, कोण बोलत असताना इको येत नाही? तोच. त्याला म्यूट व्हायला सांगा किंवा इअरफोन लावायला सांगा. एका मिनिटात निकाल. आणि एकाच खोलीत बसलेले दोघं दोन वेगळ्या फोनवरून स्पीकर लावून एकाच कॉलला आले असतील, तर इकोवर भागत नाही, सरळ शिट्टी वाजायला लागते. एकाचा आवाज दुसऱ्याच्या स्पीकरमधून, तिथून पहिल्याच्या माइकमध्ये, तिथून पुन्हा दुसऱ्याच्या स्पीकरमध्ये, असं ते चक्र फिरत राहतं.

खरं तर आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटायला हवं. तुमच्या फोनचा स्पीकर आणि माइक यांच्यात अंतर असतं काही सेंटिमीटरचं. स्पीकरवर टाकलेल्या फोनने दर वेळी इको द्यावा, हेच नैसर्गिक आहे. तो बहुतेक वेळा येत नाही, याचं काय?

याची गोष्ट १९६० च्या दशकात सुरू होते. तेव्हा खंडापलीकडचे फोन उपग्रहामार्फत जायला लागले. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायचा म्हणजे ७२,००० किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाने गेला तरी जवळपास पाव सेकंद. समोरून इको आला तर तो अर्ध्या सेकंदाने. हा इको खोलीतला नव्हता. टेलिफोनची दोन तारांची लाइन जिथे चार तारांच्या लाइनला जोडली जाते, तिथून थोडा आवाज उलटा फिरायचा. जवळच्या कॉलमध्ये तो इतक्या लवकर परतायचा की कळायचाही नाही. अर्ध्या सेकंदाने आला की माणूस बोलताना अडखळायचा. खोटं वाटत असेल तर स्वतःचा आवाज उशिरा ऐकत एक परिच्छेद वाचून बघा, जीभ गोंधळते.

तोवरचा उपाय धसमुसळा होता. एक माणूस बोलतोय असं दिसलं की दुसऱ्याची लाइन बंद. म्हणजे इको नाही, पण मध्येच ‘हो’ म्हटलेलं पोहोचत नाही आणि वाक्यांची शेपटं कापली जातात. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणारे, मूळचे भारतीय असलेले मनमोहन सोंधी यांचा १९६७ मध्ये एक शोधनिबंध आला. त्यातला विचार असा की लाइन कापायची कशाला? इको वजा करा.

म्हणजे कसं? आजच्या तुमच्या फोनवरून समजून घेऊ. फोनला एक गोष्ट आधीच ठाऊक असते, ती म्हणजे आत्ता आपण स्पीकरला काय वाजवायला दिलं. माइकमध्ये जे येतंय त्यात दोन गोष्टींची खिचडी आहे, तुमचं बोलणं आणि खोलीत फिरून आलेला समोरच्याचा आवाज. खोली आवाजाचं काय करते याचा अंदाज फोन सतत बांधत असतो. भिंतीवरून किती परतला, टेबलावरून किती, किती उशिराने. त्या अंदाजानुसार तो एक नकली इको तयार करतो आणि माइकच्या आवाजातून वजा करतो. उरतं ते तुमचं बोलणं. अंदाज चुकला तर जी चूक राहिली तिच्याकडे बघून पुढचा अंदाज सुधारतो. सेकंदाला हजारो वेळा. मशीन लर्निंगच्या तासाला ‘एरर बघून वेट्स बदला’ असं जे शिकवतात ना, तेच. फक्त हे त्या क्लासेसच्या जाहिराती यायच्या कितीतरी आधीपासून फोनमध्ये चाललंय.

आता हे गणित कुठे फसतं ते कळलं की निम्म्या तक्रारी मिटतात. तुम्ही फोन हातात घेऊन खोलीभर फिरत असाल तर प्रत्येक पावलागणिक खोली बदलते, अंदाज पुन्हा पहिल्यापासून. आवाज फुल्ल केला की छोटासा स्पीकर फाटतो, जे दिलंय ते न वाजवता भलतंच वाजवतो, आणि वजाबाकी करायला हाताशी जो नमुना आहे तोच निरुपयोगी होतो. म्हणून स्पीकरवर बोलताना आवाज दोन-तीन खाचा खाली आणा. आणि तो स्टीलच्या वाटीत फोन ठेवायचा जुगाड गाण्यांपुरता ठेवा. वाटी स्पीकरचा आवाज वाढवते हे खरं, पण तो सगळा आवाज ती माइकवरही ओतते आणि वरून स्वतःचा टणत्कार घालते.

दोघं एकदम बोलले की वजाबाकी आणखी अवघड होते. स्वस्त उपकरणं अशा वेळी जुन्याच मार्गावर जातात, म्हणजे एकाला गप्प करतात. म्हणून स्पीकरवर भांडण नीट होत नाही. जो मोठ्याने बोलतो, त्याचंच पोहोचतं. ऑफिसांच्या टेबलावर तो तीन पायांचा, स्टारफिशसारखा फोन दिसतो ना, पॉलिकॉम कंपनीने १९९२ मध्ये आणलेला, त्याचं नाव झालं ते त्यावर दोन्हीकडची माणसं एका वेळी बोलू शकायची म्हणून.

इथे एक गोष्ट मान्य करू. लोकलमध्ये फोन तोंडासमोर आडवा धरून, पापड खातोय अशा थाटात स्पीकरवर बोलणारे लोक आपल्या डोक्यात जातात. पण ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. माइक फोनच्या खालच्या कडेला असतो आणि ती कड त्यांनी ओठांजवळ धरलेली असते. फोन टेबलावर ठेवून खुर्चीत रेलून बोलणाऱ्यापेक्षा त्यांचा आवाज समोर कितीतरी स्वच्छ पोहोचतो. डब्यातल्या बाकीच्यांचं काय, हा प्रश्न वेगळा.

कारण स्पीकरफोनवरचा आवाज ‘विहिरीतून’ आल्यासारखा लागतो तो अंतरामुळे. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट केलं की थेट पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. भिंतींवरून घुमून येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे तुम्ही दूर जाता तसे तुम्ही कमी आणि खोली जास्त ऐकू येते. चकचकीत टाइल्स, रिकाम्या भिंती आणि लोखंडी कपाट असलेली हॉस्टेलची खोली यासाठी सगळ्यात वाईट. गादी, पडदे, दोरीवर वाळत घातलेले कपडे, घरून आणलेली गोधडी, हे सगळं आवाज पिऊन टाकतं. पसारा असलेल्या खोलीत कॉल चांगला होतो, हे रूममेटला जरूर सांगा.

आता आवाजाच्या ‘कपाती’बद्दल. तुम्ही कधी फोनवरून कोणाला ईमेल आयडी सांगितलाय? ‘एस... नाही नाही, एफ नाही, एस! एस फॉर सातारा!’ यात तुमच्या उच्चाराची चूक नसते. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. जुन्या टेलिफोनने मात्र खर्च वाचवायला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला. बोलणं समजायला तेवढं पुरतं, यावर सगळं जग चाललं. डिजिटल टेलिफोनचं १९७२ चं जी.७११ हे मानकही याच पट्ट्यावर बांधलेलं. सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घ्यायचे, बस. पण ‘स’चा जो शीळ घातल्यासारखा भाग आहे, त्याचा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. तो कापला गेला की ‘एस’ आणि ‘एफ’मध्ये उरतं काय? थोडीशी फुसफुस.

आपल्या मराठीत तर याची आणखी एक मजा आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे ‘जगून घे’. लिहिताना एकच, बोलताना ज वेगळा. ‘चहा’मधला च आणि ‘चमचा’मधला च, तसंच. हा फरकही बराचसा वरच्या पट्ट्यातल्या त्या घासून येणाऱ्या आवाजात आहे आणि अरुंद लाइनवर तो पुसट होतो. तरी आपण गोंधळत नाही, कारण मेंदू वाक्यावरून गाळलेल्या जागा भरतो. तासभर फोनवर बोललं की थकायला होतं त्यात या फुकटच्या ओव्हरटाइमचा वाटा असतो.

इंटरनेट कॉलिंगने हे बदललं. इथे ३,४०० हर्ट्झची सक्ती कोणी केलेली नव्हती. २००३ मध्ये आलेल्या स्काइपवर माणसं ‘अरे, शेजारी बसल्यासारखा आवाज!’ म्हणायची, त्यामागे रुंद पट्टा होता. स्काइपचा सिल्क नावाचा कोडेक आणि सेल्ट नावाचा दुसरा, संगीतासाठीचा, यांचं लग्न लावून २०१२ मध्ये ओपस हा खुला कोडेक आला. कोणालाही फुकट वापरता येणारा. तो सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत, जसं नेटवर्क तसा, आकार बदलतो. ब्राउजरमधून चालणाऱ्या कॉल्सना तर त्याचा आधार सक्तीचाच आहे. स्काइप २०२५ च्या मे महिन्यात बंद पडलं, पण त्याच्या कोडेकचा अंश तुमच्या रोजच्या कॉल्समध्ये अजून बोलतोय.

मग एवढं सगळं असूनही भारीतले इअरबड्स लावले की समोरचा ‘डब्यातून बोलतोयस’ का म्हणतो? कारण ब्लूटूथ. गाणी ऐकताना इअरबड्स एका पद्धतीने चालतात, आवाज फक्त येतो, सगळी जागा त्यालाच. कॉल सुरू झाला की माइकही चालू करावा लागतो, आणि मग ब्लूटूथ दुसऱ्या, कॉलसाठीच्या जुन्या पद्धतीवर जातं. तिथे दोन्ही दिशांनी आवाज न्यायचा म्हणून पट्टा अरुंद. चांगल्या जोडीत सेकंदाला १६,००० नमुने, नाहीतर ते जुने ८,०००. लॅपटॉपवर गाणं चालू असताना मीटिंग जॉइन केली की गाणं एकदम रेडिओवर वाजल्यासारखं होतं, ते याच क्षणी. उपाय सोपा आहे. ऐकायला इअरबड्स ठेवा, पण सेटिंगमध्ये जाऊन माइक लॅपटॉपचा किंवा फोनचा निवडा. किंवा ती जुनी वायरवाली इअरफोनची जोडी शोधा, जी कुठल्यातरी बॅगेच्या तळाशी गुंता होऊन पडलीय. महत्त्वाच्या कॉलला तिच्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

‘पण माझा स्पीड ८० एमबीपीएस येतो, तरी आवाज तुटतो!’ ही दुसरी लाडकी तक्रार. आकडेमोड करू. फोन तुमचा आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो, सेकंदाला ५० पाकिटं. ओपस २४ किलोबिटवर चालत असेल तर एका पाकिटात आवाज भरला ६० बाइट. त्यावर पत्ता वगैरे लिहायला लागतात ४० बाइट. म्हणजे पत्रापेक्षा लिफाफा फारसा हलका नाही! तरीही सगळं मिळून तासाभराला एका दिशेने १८ एमबीच्या आसपास. म्हणजे एखादी रील. आवाजाला स्पीड लागतच नाही. लागते ती नियमितता. ५० पाकिटं एकामागून एक, सारख्या अंतराने यायला हवीत. उशिरा आलेलं पाकीट आवाजासाठी मेल्यात जमा, कारण ते वाक्य पुढे निघून गेलेलं असतं. थोडा उशीर सांभाळायला फोन काही पाकिटं साठवून मग वाजवतो, आणि हरवलेल्याच्या जागी मागच्या आवाजावरून अंदाजाने ठिगळ लावतो. तो रोबोटसारखा ‘आआआ’ असा ओढलेला आवाज ऐकलाय? ते ठिगळ. हॉस्टेलच्या वायफायवर शेजारच्या खोलीत कोणी अख्खा सीझन डाउनलोडला लावला की तुमची चिमुकली पाकिटं त्या ट्रकांच्या रांगेत मागे अडकतात. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही. राउटरजवळ जा, व्हिडिओ बंद करा, मोबाइल डेटावर या. यातलं एक तरी लागू पडतं.

आणि या उशिराचा परिणाम आवाजापेक्षा माणसांवर जास्त होतो. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात. दहा भाषांवरच्या २००९ मधल्या अभ्यासात हे दिसलं. म्हणून फोनसाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सांगतो. त्यापुढे गेलं की ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ सुरू. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की लाइनमध्ये उशीर असला की लोकांना समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटतो. दोष लाइनचा, शिक्का माणसावर.

इथेच प्लेसमेंटचा विषय येतो, आणि मला वाटतं हा या सगळ्यातला सगळ्यात गंभीर भाग आहे. २०१८ मध्ये न्यूमन आणि श्वार्झ या दोघांनी शास्त्रज्ञांची भाषणं आणि रेडिओ मुलाखती लोकांना ऐकवल्या. मजकूर तोच, फक्त काहींना आवाज खराब करून. खराब आवाजात ऐकणाऱ्यांना ते संशोधनही कमी दर्जाचं वाटलं आणि संशोधकही. २०२५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी असाच प्रयोग नोकरीच्या उमेदवारावर केला. शब्द तेच, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज असला की त्याला नोकरी द्यावी असं लोकांना कमी वाटलं. कॉम्प्युटरने तयार केलेल्या आवाजातही तेच झालं.

याचा अर्थ काय, तर पुण्यात स्वतःची खोली आणि फायबर लाइन असलेली मुलगी आणि तालुक्याच्या गावी घराच्या गच्चीवर रेंज शोधत उभी असलेली मुलगी एकच उत्तर देत असतील, तरी ते एकसारखं ऐकलं जात नाही. आणि ऐकणाऱ्याला आपण अन्याय करतोय याचा पत्ताही नसतो, कारण त्याला वाटतं आपण उत्तर ऐकतोय. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने मुलाखतीसाठी एक शांत खोली, एक वायरवाला हेडसेट आणि एक तारेने जोडलेलं इंटरनेट एवढं ठेवलं तरी खूप होईल. सॉफ्ट स्किल्सच्या सेमिनारपेक्षा हे स्वस्त आहे. तुमच्या कॉलेजात नसेल तर मागा. लेखी मागा.

एक शेवटचा किस्सा गाणाऱ्यांसाठी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांतून ऑनलाइन गाण्याचे क्लास सुरू झाले आणि गुरुजी म्हणायला लागले, ‘तानपुरा लाव.’ शिष्य म्हणायचा, ‘लावलाय.’ दोघंही खरं बोलत होते. कॉलिंग अॅपमधला नॉइज काढणारा प्रोग्रॅम जो आवाज एकसारखा, न बदलता चालू राहतो त्याला गोंगाट समजतो. पंखा, एसी, मिक्सर आणि तानपुरा. माणसाने लांबवलेला ‘सा’सुद्धा कधी कधी मध्येच विरतो, कारण इतका स्थिर सूर म्हणजे मशीनच असणार, असा त्याचा समज. म्हणजे जितका सूर पक्का, तितका कापला जाण्याचा धोका जास्त! झूमसारख्या अॅपमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय असते ती यासाठी. ती चालू करून इअरफोन लावले की तानपुरा परत येतो.

साथ मात्र येत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे कॉलवरचा १५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजी पन्नास मीटर लांब बसल्यासारखा. एकत्र वाजवायला साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या आत असावं लागतं. त्यामुळे आधी गुरुजी गातात, थांबतात, मग शिष्य गातो. तबला रेकॉर्ड केलेला, आणि तोही शिष्याच्याच बाजूला लावलेला.